जुनी सात सीटर घेताय? आधी ती पुरात कुठे उभी होती ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात सहा माणसं, आईचे गुडघे दुखतात, दोन मुलं शाळेत. घर कोल्हापुरात राजारामपुरीत, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, आणि महिन्या-दीड महिन्यातून सगळ्यांना घेऊन कोकणात किंवा आदमापूरला बाळूमामाच्या दर्शनाला जायचं. बजेट ८ लाख. हायवेलगतच्या एका डीलरकडे २०१७ ची डिझेल एक्सयूव्ही ५०० पाहिलीत, मीटरवर ६८ हजार, मागतोय सव्वासात लाख. गाडी चकचकीत आहे, आणि दोन दिवसांत विसार दिला नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे असं तो म्हणतोय. घ्यावी का?

विसार आज देऊ नका. गाडी चांगलीही निघेल, पण तुम्ही मॉडेल, किलोमीटर, रंग, किंमत सगळं कळवलंत आणि ही गाडी ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये कुठे उभी होती, हे तुम्हाला माहीत नाही. कोल्हापूर-सांगलीकडची जुनी गाडी घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. किलोमीटर त्यानंतर.

कारण सांगतो. माझं गॅरेज उद्यमनगरात आहे. या भागात लोखंडाचं कुठलंही दुखणं बरं होतं. बोअर मारून मिळतो, क्रँक ग्राइंड होतो, हेडचं फेसिंग होतं, बाजारात मिळत नाही ती बुशसुद्धा लेथवर कातून मिळते. त्यामुळे इंजिन एकदा उघडलेलं आहे म्हणून मी गाडी नाकारत नाही. काम कुणी केलं आणि बिल आहे का, एवढं पाहतो. पण जी गाडी सीटपर्यंत पाण्यात बसली, तिची वायरिंग कुणालाही पूर्ववत करता येत नाही. पिना आतून हिरव्या पडत जातात. पहिलं वर्ष सगळं चालतं, दुसऱ्या पावसाळ्यात सेंट्रल लॉक आपोआप उघडायला लागतं, मग काचा अडतात, मग एअरबॅगचा दिवा लागतो तो विझतच नाही. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल गिअरच्या पुढे-मागे, मधल्या कन्सोलखाली, फ्लोअरवरच बसवलेलं असतं. म्हणजे पाणी आधी जातं तिथेच. ज्या वस्तूवर अपघाताच्या क्षणी मुलांचा जीव अवलंबून आहे तीच सगळ्यात आधी भिजते.

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. शाहूपुरीच्या गल्ल्या, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दुधाळी, शुक्रवार पेठ, सुतारवाडा, कसबा बावड्याचा सखल भाग, पलीकडे आंबेवाडी, प्रयाग चिखली, खाली शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी-कुरुंदवाड, आणि सांगली शहराचा मोठा भाग पाण्यात होता. अपार्टमेंटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तिकडच्या गाड्याही घाट चढून इकडच्या बाजारात येतात. तेव्हा एमएच-०९ आणि एमएच-१० इतकंच एमएच-०८ पासिंगही बारकाईने बघा.

अशा गाड्या बाजारात कशा येतात, हेही समजून घ्या. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या पाऊण हिश्शापेक्षा वर जातो म्हणून कंपनी गाडी टोटल लॉस ठरवते आणि मालकाला पैसे देते. उरलेली गाडी लिलावात जाते. लिलावात घेणारा ती धुऊन, सीट कव्हर आणि कार्पेट बदलून, पॉलिश मारून पुन्हा रस्त्यावर आणतो. आरसीवर 'ही गाडी बुडाली होती' असा शिक्का नसतो. खरेदी-विक्री कायदेशीर असते, फक्त शेवटच्या गिऱ्हाइकाला काही सांगितलेलं नसतं.

ओळखायची कशी? आधी आरसीवरचा पत्ता बघा, आणि जुन्या कागदांवरून पहिल्या मालकाचासुद्धा. पूरपट्ट्यातला पत्ता दिसला म्हणून गाडी बुडालीच असं नाही. बऱ्याच लोकांनी इशारा मिळताच गाड्या उंचावर नेऊन लावल्या होत्या. पण पत्ता तिथला असेल तर तपासणी दुप्पट करा. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीची हिस्टरी काढून घ्या. मालकाने सांगितलं तर ती मिळते. ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ किंवा जुलै ते सप्टेंबर २०२१ मध्ये टोचन करून आणल्याची नोंद, मोठं बिल, नाहीतर एकदम सर्व्हिस बंद झालेली दिसली, तर तिथेच थांबून स्पष्ट विचारा.

त्यानंतर गाडी. काचा बंद ठेवून, एसी न लावता पाच मिनिटं आत बसा. कुबट वास येतो का? डॅशबोर्डवर, मागे, सीटखाली तीन-तीन परफ्युम लावून ठेवले असतील तर मला तो वासापेक्षा मोठा इशारा वाटतो. पुढच्या सीट बेल्टची फीत शेवटपर्यंत ओढून काढा. रोज वापरात येणारा भाग लोक धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही आणि गाळाची मातकट रेघ तिथेच राहते. बेल्टला तळाशी लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख असते. गाडी २०१७ ची आणि बेल्ट २०२१ चा असेल तर तो का बदलला हे विचारा, कारण बेल्ट एरवी कुणी बदलत नाही. एक तर पूर, नाहीतर एअरबॅग फुटण्याएवढा अपघात.

दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचलून कार्पेटखालचा फोम दाबा. सीटच्या रुळांचे बोल्ट, ब्रेक पेडलची वरची कमान, डॅशबोर्डखाली डोकं घालून दिसणारे लोखंडी ब्रॅकेट यांवर टॉर्च मारा. कोल्हापूरच्या कोरड्या गाडीत तिथे गंज नसतो. तिसऱ्या रांगेच्या सीटची बिजागरं आणि बाजूच्या ट्रिमच्या मागची पोकळी तर बघाच. धुणारा तिथपर्यंत क्वचितच पोहोचतो, आणि नदीचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक होऊन अशा कोपऱ्यांत बसून राहतो. फ्यूज बॉक्स उघडा. पिनांवर हिरवी-पांढरी बुरशी दिसली की उरलेली तपासणी करत बसू नका.

पाणी फक्त उंबऱ्यापर्यंत आलं होतं, कार्पेट लगेच काढून वाळवलं, त्याची बिलं आहेत आणि मालक स्वतःहून सांगतोय, तर भाव बराच कमी करून अशी गाडी घेता येते. सीटच्या वर पाणी गेलेली गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी कुटुंबासाठी घेऊ नका.

विम्याच्या पॉलिसीत आणखी एक खूण असते. चालू आणि मागच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते वाचा. हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. एकाच मालकाची २०१७ ची गाडी आणि बोनस ५० टक्के, म्हणजे सलग पाच वर्षं तरी क्लेम नाही. 'एक ओरखडा नाही साहेब' म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर शून्य किंवा २० असेल, तर अलीकडेच क्लेम झालाय किंवा पॉलिसी खंडित झाली होती. बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. त्यामुळे दुसऱ्या मालकाच्या गाडीवर ही खूण तितकी भरवशाची राहत नाही. काही जण बोनस राखायचं वेगळं कव्हरही घेतात. तरी हा दोन मिनिटांत तपासता येणारा पुरावा आहे.

पुराशिवाय मुक्कामाचे आणखी दोन प्रकार आपल्याकडे नडतात. एक समुद्र. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे राहिलेल्या गाडीचं वरचं अंग स्वच्छ असतं आणि खालून गंज खाल्लेला असतो. चेसिसवर ताजा काळा कोट मारलेला दिसला तर तो खुश होण्यासारखा नाही, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. दुसरा ऊस. शेतातल्या घरी, गोठ्याजवळ उभी राहणारी गाडी, आणि तोडणी झाली की उसातून बाहेर पडणारे उंदीर. बॉनेटखाली आणि डॅशबोर्डच्या मागे वायरी कुरतडून टेप मारलेल्या दिसतात. शेतकऱ्याची गाडी मी वाईट मानत नाही, बऱ्याचदा ती एकाच हातात राहिलेली असते. फक्त वायरिंग नीट बघून घ्या.

आता तुम्हाला नेमकी कुठली गाडी लागते, याकडे येतो. तुमचं रोजचं जाणं-येणं शाहू नाका, उजळाईवाडीमार्गे वीस-बावीस किलोमीटर. महिन्याच्या फेऱ्या धरून वर्षाला साधारण १० हजार किलोमीटर होतील. एवढ्या वापराला डिझेलचा आग्रह कशासाठी? हिशेब करून बघा. पेट्रोल शंभराच्या वर, डिझेल नव्वदच्या आसपास. लिटरला १४ देणारी पेट्रोल अर्टिगा आणि १३ देणारी जड डिझेल एसयूव्ही, दोन्हींना वर्षाचं इंधन सत्तर-पंचाहत्तर हजारांचंच लागतं. मग डिझेलचे इंजेक्टर, टर्बो आणि पंप यांचा खर्च कशातून भरून काढायचा? वर्षाला वीस हजारांच्या पुढे पळणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावी.

डिझेलच्या बाजूनेही खरं ते सांगतो. सात माणसं आणि सामान घेऊन गगनबावड्याचा करूळ घाट चढायचा तर टर्बो डिझेलची खेच निराळीच असते. टर्बो नसलेलं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन एसी चालू ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत चढेल. चढेल मात्र नक्की. तुमच्या घाटाच्या फेऱ्या महिन्याला एक-दोन असतील तर ते ओरडणं मी सहन करीन. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो चोंदतो. तुमचा अर्धा रस्ता हायवेचा आहे, पण इंजिन पुरतं तापेपर्यंत तुम्ही कामावर पोहोचता. तुम्ही पाहिलेली २०१७ ची गाडी बीएस-४ आहे, ही कटकट तिला नाही. पेट्रोल घेतलीत आणि ती एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर इंधनाचे रबरी पाइप आणि सील नव्याने बघून घ्या. आपल्याच साखर कारखान्यांतलं २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता पंपावर मिळतं, आणि जुन्या गाड्या १० टक्क्यांच्या हिशेबाने बनलेल्या आहेत.

आईला गाडी बघायला बरोबर न्या. हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो आणि बहुतेक लोक नेत नाहीत. स्कॉर्पिओ, बोलेरो या चेसिसवर बॉडी असलेल्या गाड्या उंच असतात. खराब रस्त्याला त्या दणकट, पण दुखऱ्या गुडघ्यांना पायरी जड जाते. अर्टिगात बसणं जवळजवळ खुर्चीत बसण्याइतकं सोपं. एक्सयूव्ही ५०० दोहोंच्या मधली. आईंना दोनदा चढ-उतार करायला लावा, मग मधल्या सीटवर अर्धा तास बसवून फिरवा. तिसऱ्या रांगेत स्वतः बसा. एक्सयूव्ही ५०० ची मागची रांग मुलांपुरतीच आहे, मोठ्या माणसाचे गुडघे छातीला येतात. आणि ती रांग उघडली की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. सहा माणसांचं दोन दिवसांचं सामान टपावर जाणार, हे आत्ताच गृहीत धरा.

काही बोलेरो आणि स्कॉर्पिओत मागे समोरासमोरची बाकडी असतात. मुलांना तिथे अजिबात बसवू नका. आडव्या सीटवर बसलेल्या मुलाला अपघातात काहीच धरून ठेवत नाही. तशी गाडी दहा-वीस हजारांनी स्वस्त मिळत असली तरी ती तुमच्यासाठी नाही. एअरबॅगचंही तसंच. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. म्हणजे २०१७-१८ ची गाडी खालच्या व्हेरिएंटची असेल तर तिच्यात एकही एअरबॅग नसू शकते. नंतर मागे चिकटवलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, आरसीवर आणि मूळ बिलावर व्हेरिएंट वाचा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागतच नसेल तर दिवा काढून टाकलाय असं समजा.

आता गाडी चालवून बघणं. डीलरला आदल्या दिवशी सांगा की सकाळी आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर गाडी थंडीत नीट सुरू होत नसावी, म्हणून आधी तापवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन एका दमात सुरू व्हावं. मागे उभं राहून धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गोडसर वासाचा आणि न थांबणारा असेल तर कूलंट आत जातंय, काळा असेल तर इंजेक्टर किंवा हवेचा रस्ता. सुरुवातीची चार-दोन मिनिटं थंडीत दिसणारी वाफ सोडून द्या. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. भकाभक वाफ येऊन झाकण उडायला लागलं तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टन-रिंगचं काम जवळ आलंय.

मग शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि वर पन्हाळा. एकट्याने नको, घरातली चार-पाच मोठी माणसं बसवून. या एका फेरीत गाव, हायवे, चढ, वळणं आणि उतार सगळं येतं. वाघबीळच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी वेग घेत नाही, असं झालं तर क्लच संपलाय. टर्बोची बारीक शिट्टी चालते, पण सायरनसारखी चढत जाणारी नाही. एसी पूर्ण लावून तापमानाचा काटा बघत राहा, आणि मागच्या रांगेत एसी पोहोचतो का तेही. उतरताना ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत. ते काम अवघड नाही, भावातून वजा करा. खड्ड्यावरून जाताना पुढून खटखट ऐकू आली तर सस्पेन्शनचे लोअर आर्म, लिंक रॉड आणि बुश गेलेत. एवढ्या वजनाच्या आठ वर्षांच्या गाडीत हे येणारच, त्याने घाबरू नका.

परत आल्यावर थेट तुमच्या विश्वासातल्या मिस्त्रीच्या लिफ्टवर. डीलरने सुचवलेल्या गॅरेजवर नको. एक्सयूव्ही ५०० ला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे पुढचा एप्रन किंवा रेल ठोकून सरळ केलेला असेल तर चाकांचं अलाइनमेंट कधीच धड बसत नाही आणि टायर एका कडेने खातात. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलाय का, कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड जागेवर आहेत का, दारांच्या फटी सारख्या आहेत का, हे बघा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र बऱ्याच पेंटरांकडे असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. तीनशेच्या पुढे आकडा गेला तर रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. एखादं दार रंगवलेलं असणं हा दोष नाही, आपल्या गल्ल्यांत कुणाचीही गाडी घासते. छत रंगवलेलं असेल तर मात्र गाडी उलटली होती का, हे विचारा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा आणि फक्त 'कोड नाही' ऐकून खुश होऊ नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली, हे स्कॅनर दाखवतो. तिथे ५ किंवा १० किलोमीटर दिसले तर तुमच्यासाठीच सकाळी कोड पुसलेत.

किलोमीटरबद्दल थोडक्यात. मीटर मागे फिरवणं सोपं आहे, म्हणून मीटर हा पुरावा धरू नका. सर्व्हिसच्या नोंदी, विम्याचे जुने कागद आणि टायर यांचा मेळ घाला. टायरवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कंपनीचे पहिले टायर साधारण चाळीस-पन्नास हजार चालतात. २०१७ ची गाडी, मीटरवर ३५ हजार आणि चारही टायर २०२० चे, हे गणित जुळत नाही. एक लाख दहा हजार चाललेली, दर दहा हजाराला सर्व्हिस झालेली गाडी मी ६० हजारांच्या बिननोंदीच्या गाडीपेक्षा आधी घेईन.

कागदांत आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ बोज्याचा होतो. गाडी पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेली असते, हप्ते फिटलेले असतात, पण आरसीवर एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, तशीच राहते. पुढे पतसंस्था अवसायनात गेली तर ना-हरकत दाखल्यासाठी अवसायकाच्या मागे फिरावं लागतं. तेव्हा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बोजा, फिटनेसची मुदत, विमा आणि मालक क्रमांक स्वतः बघा. आरसीवर बोजा दिसत असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, 'दाखला आठवड्यात येतो' हे ऐकूनही देऊ नका. ई-चलन थकलंय का, एचएसआरपी नंबर पाटी बसलीय का, तेही बघा. पूर्वी पिवळ्या पाटीवर धंद्याला चाललेली गाडी खासगी करून घेतलेली असेल तर जुन्या नोंदीत कळतं. अशी सात सीटर घराला नको.

नोटरी करून गाडी ताब्यात घेऊन फिरवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० विकणाऱ्याच्या समोर भरून घ्या, कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या घेऊ नका. डीलरच्या मागे खरा मालक कोण, त्याला एकदा फोनवर तरी बोला. मालकाला हे समजावताना २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे नाव लवकर बदलणं त्याच्याही फायद्याचं आहे.

बेळगाव-निपाणीकडच्या केए पासिंगच्या गाड्या इथे स्वस्त दिसतात. तिकडची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर एवढं धरूनच भाव करा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नोंदणी बदलावीच लागते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडचा मालही येतो. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

भावाचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या २८ टक्के आणि वरच्या सेसवरून १८ वर आल्या, मोठ्या एसयूव्हींचा एकूण कर ४५-५० वरून ४० झाला. जुन्या गाड्या विकणाऱ्यांपैकी काही जण अजून आधीच्या शोरूम किमतीशी तुलना करून भाव सांगतात. तुम्ही आजच्या नव्या किमतीशी तुलना करा. आणि डीलर सांगितलेल्या भावावर वर १८ टक्के जीएसटी मागत असेल तर नाही म्हणा. तो कर त्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही.

८ लाखांतले ७५-८० हजार बाजूला काढून ठेवा. सगळी ऑइल, फिल्टर, इंजिनचे बेल्ट, बॅटरी, गरज असेल तर टायर, पहिल्या महिन्यात हे होणारच. म्हणजे गाडीसाठी तुमच्याकडे सव्वासात आहेत, आणि नाव बदलणं, विमा हेही त्यातच. यासाठी सव्वासात मागणारा डीलर साडेसहाच्या आसपास यायला हवा.

तुमच्या जागी मी असतो तर उद्या डीलरकडून आरसीची आणि मागच्या दोन पॉलिसींची प्रत व्हॉट्सॲपवर मागवली असती. सर्व्हिस हिस्टरी सलग मिळाली, बोनस जुळला, सीट बेल्टची फीत शेवटपर्यंत स्वच्छ निघाली आणि पन्हाळ्याची फेरी नीट झाली, तर एक्सयूव्ही ५०० घ्या. २०२१ नंतर ती बनत नसली तरी तिचे सुटे भाग मिळतात आणि काम जाणणारे मिस्त्री इथे बरेच आहेत. यातलं एक जरी जुळलं नाही किंवा आईंना चढ-उतार जमला नाही, तर २०१९ नंतरची एकहाती पेट्रोल अर्टिगा शोधा. ती एसयूव्हीसारखी दिसत नाही, हे मला मान्य आहे. सहा माणसांचं तुमचं घर तिच्यात जास्त आरामात बसेल.

डीलर प्रती पाठवायला टाळाटाळ करत असेल तर त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाडी घेऊ दे. प्रती आल्या आणि पुढे व्यवहार ठरला, तर विसार दहा हजारांच्या वर देऊ नका आणि पावतीवर 'मिस्त्रीच्या तपासणीत पूर, मोठा अपघात किंवा बोजा आढळल्यास विसार परत' असं लिहून घ्या. चावी हातात घ्याल त्याच दिवशी, वेळेसकट लिहिलेली ताबा पावती दोघांच्या सहीने करा आणि विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसीवर तुमचं नाव चढल्याशिवाय मिळत नाही.